क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या अलीकडे

घरच्या हाय-फायमध्ये सुधारणा करायची म्हटले की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो: आधी अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा, मग स्पीकर, मग डॅक (डिजिटल संगीताचे अॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण), आणि तरीही समाधान झाले नाही तर वायरी. मी या क्रमाबाहेरची गोष्ट केली. माझ्याकडच्या टू-वे बुकशेल्फ स्पीकरांच्या, म्हणजे खालच्या सुरांसाठी वूफर आणि वरच्या सुरांसाठी ट्विटर असलेल्या छोट्या स्पीकरांच्या, पेटीतला क्रॉसओव्हर, म्हणजे आवाजाची या दोघांत विभागणी करणारा फिल्टर, काढून तो अ‍ॅम्प्लिफायरच्या अलीकडे आणला आणि प्रत्येक वूफरला व प्रत्येक ट्विटरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर दिला. यालाच अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. वूफर तेच आहेत, ट्विटर तेच आहेत, लाकडी पेट्याही त्याच आहेत, आणि तरीही तानपुरा व डग्गा आता जसे ऐकू येतात तसे ते या स्पीकरांतून पूर्वी कधीच ऐकू आले नव्हते. हा फरक जास्त वॅटमुळे पडलेला नाही, तो आवाजाची विभागणी कोणत्या टप्प्यावर केली जाते यामुळे पडला आहे, आणि ही गोष्ट नीट समजून घेतल्याशिवाय कोणी या कामात पैसे घालू नयेत असे मला मनापासून वाटते.

नेहमीच्या, म्हणजे पॅसिव्ह, स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेला संपूर्ण आवाज एकाच वायरीतून पेटीत शिरतो आणि मागच्या टर्मिनलच्या आत स्क्रूने बसवलेल्या एका छोट्या बोर्डावर त्याचे दोन भाग होतात. माझ्या स्पीकरातले बोर्ड बाहेर काढले तेव्हा त्यांवर फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेली एक कॉइल, हवेच्या गाभ्याची एक लहान कॉइल, दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, एक फिल्म कपॅसिटर आणि पांढऱ्या सिमेंटच्या वेष्टनातले दोन रेझिस्टर होते. मोठी कॉइल वूफरकडे जाणारे वरचे सूर अडवते, कपॅसिटर ट्विटरकडे जाणारे खालचे सूर अडवतात, आणि ट्विटर वूफरपेक्षा सुमारे ४ डेसिबलने अधिक संवेदनशील असल्यामुळे त्याच्या वाट्याची जास्तीची ऊर्जा त्या पांढऱ्या रेझिस्टरांमध्ये उष्णता होऊन संपते. ज्याने हे बोर्ड आखले त्याने ते विचारपूर्वक आखले होते, हे मापनातही दिसले. अडचण त्याच्या कौशल्याची नाही. आवाज आधी मोठा करायचा आणि मग जाड कॉइल व मोठे कपॅसिटर वापरून त्याचे तुकडे करायचे, या पद्धतीचीच ती मर्यादा आहे.

पॅसिव्ह फिल्टरचे गणित त्याच्या पुढे किती ओहमचा भार आहे यावर अवलंबून असते, आणि स्पीकरच्या ड्रायव्हरचा (वूफरचा किंवा ट्विटरचा) भार कधीच स्थिर नसतो. माझ्या वूफरचा डीसी रेझिस्टन्स ५.८ ओहम आहे. पेटीच्या अनुनादापाशी त्याचा इंपीडन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध) कित्येक पटींनी वर जातो, मधल्या सुरांत तो खाली येतो, आणि व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे वरच्या सुरांत पुन्हा चढत जातो. म्हणजे ज्या २४०० हर्ट्झच्या आसपास वूफरने ट्विटरला जागा करून द्यायची तिथेच फिल्टरला अपेक्षित भार मिळत नाही, आणि तो सावरायला आणखी रेझिस्टर व कपॅसिटर जोडावे लागतात. त्यात तापमानाची भर पडते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे मोठ्या आवाजात व्हॉइस कॉइल ५० अंशांनी तापली तर ५.८ ओहमचे ६.९ ओहम होतात आणि फिल्टरचे वागणे गाणे चालू असतानाच बदलते. अ‍ॅक्टिव्ह पद्धतीत कॉइल तापायची थांबत नाही, तिच्यामुळे आवाज किंचित दबायचाही थांबत नाही, परंतु विभागणी मात्र जिथल्या तिथे राहते, कारण फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या अलीकडे असतो आणि पलीकडे काय चालले आहे याचा त्याला स्पर्शही होत नाही.

या विषयावर बोलताना डॅम्पिंग फॅक्टरचा, म्हणजे वूफरची हालचाल आवरण्याच्या क्षमतेचा, फार गाजावाजा केला जातो आणि तो मला पटत नाही. अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामधली कॉइल निघून गेली की अ‍ॅम्प्लिफायरची पकड शेकडो पटींनी वाढते असे सांगितले जाते. माझ्या मोठ्या कॉइलचा रेझिस्टन्स ०.४ ओहम भरला. वूफरचे स्वतःचे ५.८ ओहम त्याच मार्गात बसलेले असतात आणि ते कुठेही जात नाहीत, त्यामुळे ०.४ ओहम काढल्याने एकूण फरक पडतो तो सुमारे ७ टक्क्यांचा. तो चांगला आहे, परंतु तेवढ्यासाठी कोणी स्पीकर उघडू नये.

त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे ती व्होल्टेजची विभागणी. समजा वूफरला एका क्षणी २८ व्होल्टचे शिखर हवे आहे, म्हणजे ८ ओहमवर ५० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरची पूर्ण क्षमता, आणि त्याच क्षणी ट्विटरलाही तेवढेच शिखर हवे आहे. एकच अ‍ॅम्प्लिफायर असेल तर ही दोन्ही शिखरे एकमेकांवर चढतात आणि त्याला ५६ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणजे तो २०० वॅटचा असावा लागतो. दोन वेगळे अ‍ॅम्प्लिफायर असतील तर प्रत्येकी ५० वॅट पुरतात. खऱ्या संगीतात वरच्या सुरांची शिखरे इतकी मोठी नसतात, ती १० डेसिबलने खाली धरली तर एकत्रित गरज ८५ वॅटच्या जवळपास येते, त्यामुळे जाहिरातीतली चौपट वाढ घरात अनुभवाला येत नाही. पण खरा लाभ यापुढे आहे. डग्ग्यावर जोराची थाप पडली आणि एकटा अ‍ॅम्प्लिफायर क्षणभर अपुरा पडला की तो केवळ खालचा सूर कापत नाही. त्या कापण्यातून निर्माण झालेले वरचे कर्कश घटक थेट ट्विटरकडे जातात, आणि गायकाचा आवाज त्याच क्षणी खरखरतो. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर ते घटक वूफरपाशीच थांबतात, आणि वूफर ते बऱ्याच अंशी गिळून टाकतो. जलद लयीतल्या ख्यालात तबला जोरात असताना गाण्याचे शब्द जे स्वच्छ राहतात ते यामुळे.

महाराष्ट्रात ही पद्धत नवी मुळीच नाही. गणपतीच्या मंडपात, कीर्तनाच्या मोठ्या कार्यक्रमात किंवा नाट्यगृहात ज्यांनी साउंडवाल्यांचा रॅक जवळून पाहिला असेल त्यांनी क्रॉसओव्हरची सपाट पेटी आणि तिच्याखाली बेसला, मिडला व टॉपला वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर रचलेले पाहिलेच असतील. आमच्या भागातल्या एका अनुभवी साउंडवाल्यांना मी माझा बेत सांगितला तेव्हा ते म्हणाले, "ताई, बेसला वेगळा अ‍ॅम्प दिला की टॉप जळत नाही, आम्ही तर पहिल्यापासून असंच लावतो." वरच्या संपूर्ण परिच्छेदाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांच्याकडूनच मी आणखी एक गोष्ट उचलली, तिच्याविषयी पुढे लिहिते.

स्टुडिओंतही हेच झाले. फिनलंडमधील जेनेलेक ही कंपनी १९७८ मध्ये सुरू झाली तीच मुळी तिथल्या सार्वजनिक नभोवाणीला हव्या असलेल्या अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरांच्या निमित्ताने. ब्रिटनमध्ये मेरिडियनने १९७७ मध्ये एम-१ हा अ‍ॅक्टिव्ह स्पीकर आणला, लिन आणि नेम या कंपन्यांनी वेगळे अ‍ॅम्प्लिफायर व वेगळा इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर जोडण्याची सोय आपल्या ग्राहकांना दिली, आणि बिली वुडमन यांच्या एटीसी कंपनीचे अ‍ॅक्टिव्ह मॉनिटर कित्येक स्टुडिओंत पोहोचले. आपल्याकडे कोलकात्याच्या सोनोडाइनने अ‍ॅक्टिव्ह स्टुडिओ मॉनिटर बनवले. ज्या स्पीकरांवर ऐकून ध्वनिमुद्रण तपासले जाते ते बहुधा अ‍ॅक्टिव्ह असतात आणि ज्यांवर आपण ते घरी ऐकतो ते बहुधा पॅसिव्ह, ही विसंगती मला नेहमीच खटकत आली आहे. घरच्या बाजारात ही पद्धत रुजली नाही याची कारणे तांत्रिक नाहीत असे माझे मत आहे. ग्राहकाला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या जोड्या लावण्यात रस असतो, दुकानदाराला दोन पेट्या वेगवेगळ्या विकता येतात, आणि तीन ड्रायव्हरांचा थ्री-वे स्पीकर अ‍ॅक्टिव्ह करायचा म्हटले की अ‍ॅम्प्लिफायरचे सहा चॅनल लागतात, ज्याचा खर्च अनेक वर्षे सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होता. स्वस्त आणि थंड चालणाऱ्या क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरांनी ही शेवटची अडचण आता बरीच कमी केली आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. ज्या स्पीकरांच्या मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतात त्यांना दोन अ‍ॅम्प्लिफायर जोडून आतला क्रॉसओव्हर तसाच ठेवणे, याला बाय-अँपिंग म्हणतात, आणि अनेकांचा असा समज असतो की हेच अ‍ॅक्टिव्ह. तसे नाही. दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर संपूर्ण आवाजच मोठा करत राहतात, दोघांनाही संपूर्ण शिखराचे व्होल्टेज द्यावे लागते, आणि कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर सगळे जागच्या जागी राहतात. वर सांगितलेल्या लाभांपैकी जवळजवळ काहीच त्यात पदरात पडत नाही. त्याचप्रमाणे ब्लूटूथ आणि अ‍ॅम्प्लिफायर आत घालून विकल्या जाणाऱ्या कित्येक स्पीकरांत एका बाजूला एकच अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि पुढे नेहमीचाच पॅसिव्ह क्रॉसओव्हर असतो. विकत घेण्यापूर्वी प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर आहे का एवढे विचारावे.

माझ्या व्यवस्थेत विभागणीचे काम मिनीडीएसपी २×४ एचडी हे छोटे डिजिटल उपकरण (डीएसपी) करते. त्यात दोन चॅनल आत जातात आणि चार बाहेर येतात, म्हणजे स्टीरिओ टू-वेसाठी नेमके पुरेसे. आतली सर्व आकडेमोड ९६ किलोहर्ट्झवर होते. पुढे एकाच बनावटीचे दोन स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहेत, डाव्या स्पीकरला एक आणि उजव्याला एक, ज्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरांच्या जवळ ठेवता येतात आणि स्पीकरच्या वायरी हातभर लांबीच्या राहतात. रेकॉर्ड ऐकणाऱ्या काही मित्रांना अ‍ॅनालॉग आवाज मधेच डिजिटल करणे मान्य नसते. त्यांच्यासाठी ऑप-अँप या छोट्या चिपवर चालणारे अ‍ॅनालॉग क्रॉसओव्हर आहेत आणि ते उत्तमही असू शकतात, परंतु विलंब देणे आणि ड्रायव्हरमधले बारीक दोष सुधारणे ही दोन कामे अ‍ॅनालॉग मार्गाने फार जिकिरीची होतात. माझा कौल म्हणूनच डिजिटलकडे पडला.

मंडपातून उचललेली गोष्ट म्हणजे स्पीकॉन कनेक्टर. अ‍ॅक्टिव्ह व्यवस्थेतला सर्वांत मोठा धोका असा की वूफरच्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर चुकून ट्विटरला लागली तर एका थापेत ट्विटर निकामी होतो, कारण मधे अडवणारे काहीच नसते. साध्या बाइंडिंग पोस्टच्या चार टोकांमध्ये अशी अदलाबदल अगदी सहज होऊ शकते. चार पोलच्या स्पीकॉनमध्ये १ क्रमांकाची जोडी वूफरची आणि २ क्रमांकाची ट्विटरची असा संकेत आहे, चारही वायरी एकाच प्लगमधून जातात, आणि तो प्लग फिरवून खटका लागेपर्यंत एकाच रीतीने बसतो. पुण्यात बुधवार पेठेत पीए सिस्टिमचे सामान विकणाऱ्या दुकानांत ते सहज मिळतात. पेटीच्या मागच्या जुन्या टर्मिनलच्या भोकावर ॲल्युमिनियमची पट्टी कापून त्यात मी ते बसवले आणि कडेने हवा जाऊ नये म्हणून फोमची गॅस्केट लावली.

दुसरे संरक्षण म्हणजे ट्विटरच्या मार्गात ३३ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड होऊन डीसी बाहेर आला तर तो तिथेच अडतो, आणि चालू-बंद करतानाचा धक्का पुष्कळ सौम्य होतो. ६ ओहमच्या ट्विटरसोबत त्याची मर्यादा सुमारे ८०० हर्ट्झवर येते, म्हणजे क्रॉसओव्हरच्या बऱ्याच खाली. तरीही २४०० हर्ट्झवर त्यामुळे फेजमध्ये, म्हणजे तरंगाच्या चक्रातल्या स्थितीत, सुमारे १८ अंशांचा बदल होतोच, म्हणून मापन करताना तो जोडलेलाच ठेवायचा, नंतर घालायचा नाही. वायरी जोडून झाल्यावर वूफरची दिशा दीड व्होल्टच्या साध्या सेलने तपासली. सेलचा धन टोक स्पीकॉनच्या १ धन खुणेला लावला की शंकू पुढे यायला हवा. ही तपासणी ट्विटरवर मात्र करू नये.

यानंतर जे काम येते ते या सगळ्याचा प्राण आहे, आणि ते टाळून केवळ क्रॉसओव्हरची वारंवारता टाइप करून मोकळे होणारे लोक पॅसिव्हपेक्षा वाईट आवाज तयार करतात असे मी ठामपणे म्हणेन. मापनासाठी यूएसबी मायक्रोफोन यूमिक-१ आणि आरईडब्ल्यू हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरले. खोलीत मापन करताना जमिनीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो. ट्विटर जमिनीपासून १ मीटर उंच आणि मायक्रोफोन त्याच उंचीवर १ मीटर अंतरावर असेल तर परतलेला आवाज सुमारे १.२४ मीटर जास्त चालून येतो, म्हणजे साधारण ३.६ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्याच काळाची खिडकी धरून मापन कापले तर खोली वगळून केवळ स्पीकर दिसतो, मात्र सुमारे २८० हर्ट्झच्या खालचे काही त्यात विश्वासार्ह राहत नाही. त्यासाठी मायक्रोफोन वूफरच्या शंकूला जवळजवळ टेकवून वेगळे मापन घ्यावे लागते आणि दोन्ही आलेख जोडावे लागतात.

विभागणीचा आराखडा लिंकविट्झ-रायली या पद्धतीचा निवडला. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे ह्युलेट-पॅकर्डमधले अभियंते. लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ही रचना मांडली. तिच्या चौथ्या श्रेणीच्या रूपात दोन्ही बाजू प्रत्येक सप्तकाला २४ डेसिबलने उतरतात, जिथे भेटतात तिथे दोघेही ६ डेसिबलने खाली असतात, आणि दोघांची फेज सारखी असल्यामुळे बेरीज सपाट येते. परंतु ही उतरण कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजात मिळायला हवी. वूफर स्वतःच वरच्या सुरांत उतरत असतो, ट्विटर खालच्या सुरांत उतरत असतो, म्हणून इलेक्ट्रॉनिक फिल्टर आणि ड्रायव्हरची स्वाभाविक उतरण मिळून २४ डेसिबल व्हावेत असे फिल्टर शोधावे लागतात. माझ्या ट्विटरला शेवटी सॉफ्टवेअरमधले तयार फिल्टर न चालता दोन वेगवेगळे दुसऱ्या श्रेणीचे फिल्टर एकापुढे एक लावावे लागले.

मग विलंब. वूफरचा शंकू खोलगट असल्यामुळे त्याचा आवाज ट्विटरच्या मागून सुरू होतो. माझ्या स्पीकरांत हे अंतर सुमारे २.४ सेंटिमीटर निघाले, जे आवाजाच्या वेगाने ०.०७ मिलिसेकंद होते. २४०० हर्ट्झची तरंगलांबी साधारण १४ सेंटिमीटर असते, म्हणजे ही दोन सेंटिमीटरची चूक ६० अंशांची चूक होते. पॅसिव्ह स्पीकरमध्ये ती दुरुस्त करण्यासाठी पेटीचा पुढचा भाग तिरका करावा लागतो किंवा फिल्टरची उतरण मुद्दाम वाकडी करावी लागते. इथे ट्विटरला तेवढा विलंब दिला की झाले. तो बरोबर बसला की नाही हे पाहण्याची युक्ती फार सुंदर आहे: ट्विटरची दिशा सॉफ्टवेअरमध्ये उलटी करायची आणि पुन्हा मापन घ्यायचे. फेज खरोखर जुळली असेल तर दोन्ही ड्रायव्हर आता एकमेकांना रद्द करतात आणि आलेखात २४०० हर्ट्झवर खोल, दोन्ही बाजूंनी सारखी दरी पडते. सुरुवातीला माझी दरी उथळ आणि एका अंगाला कललेली होती. विलंब थोडाथोडा बदलत गेल्यावर ती खाली उतरत गेली आणि अखेर ३० डेसिबलपेक्षा खोल गेली. दिशा पुन्हा सरळ केली आणि तोच भाग सपाट रेषेत आला. पडद्यावर ती रेषा पाहताना मला झालेला आनंद खरोखर मोठा होता.

हे सगळे तानपुऱ्यासाठी का महत्त्वाचे आहे ते आता सांगता येईल. पुरुष गायकाची काळी एकची पट्टी धरली तर जोडाच्या तारा सुमारे १३८.६ हर्ट्झवर असतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये कोलकात्यात केलेल्या अभ्यासात दाखवले होते की तानपुऱ्याची घोडी आणि तिच्यावरचा जिवारीचा दोरा यांमुळे तारेतून उपस्वरांची पूर्ण मालिका जोरकसपणे उमटते, तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांनी उमटूच नये तेही उपस्वर त्यात येतात. काळी एकच्या षड्जाचा सतरावा उपस्वर २३५६ हर्ट्झवर आणि अठरावा २४९५ हर्ट्झवर येतो, म्हणजे माझा क्रॉसओव्हर त्या दोहोंच्या बरोबर मधे आहे. तार छेडल्यावर उपस्वरांचा जोर वरून खाली सरकत जातो, आणि तो सरकताना ट्विटरकडून वूफरकडे जातो. त्या सांध्यावर दोन्ही ड्रायव्हरांची फेज जुळत नसेल तर ही झणकार मधेच थोडी फिकी होते, जागा बदलल्यासारखी भासते, आणि तानपुरा गायकाच्या मागे पसरलेला न वाटता दोन तुकड्यांत वाटतो. पूर्वी माझ्याकडे तसे होत असे, आणि मी ते ध्वनिमुद्रणाचे वैगुण्य समजत होते. आता झणकार वरून खाली अखंड येते. ऐकण्याचा थकवाही त्यामुळे पुष्कळ कमी झाला आहे, आणि विलंबित ख्याल पूर्ण ऐकताना हे प्रकर्षाने जाणवते.

तबल्याचेही तसेच. शाईमुळे तबल्याच्या पुडीचे कंप मूळ स्वराच्या पूर्णांक पटींत येतात हे रामन यांनीच १९२० मध्ये दाखवले होते, आणि दायाचा चाटीवरचा 'ना' स्वरात ऐकू येतो तो त्यामुळेच. या आघाताची सुरुवातीची धार ट्विटरमधून येते आणि स्वर वूफरमधून. दोन्ही एकाच क्षणी पोहोचले की बोट पुडीला लागल्याचे कळते. डग्ग्याच्या घुमाऱ्यात मात्र माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक फरक पडला, आणि त्याचे मुख्य श्रेय अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅम्प्लिफिकेशनपेक्षा त्याबरोबर आलेल्या सोयीला द्यायला हवे. फ्लॅटच्या दिवाणखान्यात स्पीकर भिंतीपासून फार दूर ठेवता येत नाहीत, आणि भिंतीजवळ खालचे सूर फुगतात. पॅसिव्ह बोर्डावर हा तोल कारखान्यात एकदाच ठरवलेला असतो. इथे वूफरच्या मार्गात एक शेल्फ फिल्टर (ठराविक सुराखालची सगळी पातळी एकत्र कमी-जास्त करणारा) घालून खोलीप्रमाणे तो ठरवता आला, आणि हाताच्या टाचेने डग्ग्यावर काढलेली मींड आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका वजनाची ऐकू येते.

एक त्रास सांगितलाच पाहिजे. ट्विटर अ‍ॅम्प्लिफायरला थेट जोडला की अ‍ॅम्प्लिफायरचा आणि डीएसपीचा सूक्ष्म सूसू आवाजही त्याच्यापर्यंत थेट पोहोचतो, कारण पूर्वी तो दाबणारे रेझिस्टर आता नसतात. शांत खोलीत, आलापीच्या मधल्या विरामात, तो ऐकू येतो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा गेन २६ डेसिबल, म्हणजे वीसपट आहे. पूर्ण शक्तीसाठी त्याला १ व्होल्ट पुरतो आणि डीएसपी २ व्होल्ट देतो, म्हणजे ६ डेसिबल निष्कारण शिल्लक राहतात. ट्विटरची जास्तीची संवेदनशीलता ४ डेसिबल. म्हणून डीएसपी आणि ट्विटरचा अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये २.२ किलोओहम आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरांचा १० डेसिबलचा पॅड (सिग्नलची पातळी कमी करणारी जोडणी) घातला आणि सॉफ्टवेअरमधली ट्विटरची पातळी त्या मानाने वर घेतली. डीएसपीचा सूसू आवाज तेवढ्याच प्रमाणात खाली गेला. अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्याच्या वॅटइतकेच त्याच्या स्वतःच्या नॉइजकडे पाहावे, निदान ट्विटरसाठी तरी.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी. उपकरणे वाढली की अर्थिंगचे मार्ग वाढतात आणि ५० हर्ट्झची घरघर येते. डीएसपी आणि दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घेतले की ती बहुधा जाते. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय कोणी सुचवला तरी कधीही करू नये. दुसरे म्हणजे चालू करताना आधी डीएसपी आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर, बंद करताना नेमके उलट. परंतु आपल्याकडे लाइट जाते आणि येते, पुण्यात तर गुरुवारी दुरुस्तीसाठी जातेच, आणि परत येताना सगळे एकदम चालू होऊन डीएसपीचा धक्का ट्विटरपर्यंत जातो. त्यावर अ‍ॅम्प्लिफायरच्या पुरवठ्यात एक कॉन्टॅक्टर बसवून घेतला आहे, जो वीज गेल्यावर सुटतो आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा लागत नाही. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

ज्यांना मापनाची आवड नाही त्यांनी हा मार्ग घेऊ नये, त्यांच्यासाठी कारखान्यातून जुळवून आलेले अ‍ॅक्टिव्ह स्पीकर अधिक चांगले. दुर्मीळ जुने स्पीकर असतील तर तेही उघडू नयेत. आणि ज्यांना पुढे सबवूफर जोडायचा विचार असेल त्यांनी चार आउटपुटांचा डीएसपी घेऊ नये, कारण स्टीरिओ टू-वेमध्येच चारही संपतात. मला आता तीच अडचण आली आहे: ८० हर्ट्झच्या खालचे सूर वेगळे करून वूफरवरचा भार उतरवायचा आहे आणि त्यासाठी निदान सहा आउटपुट हवेत, म्हणजे उपकरण बदलून दोन्ही बाजूंचे मापन पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल.